तालुक्याच्या गावात रोटरीचं बोलावणं आलंय. दर आठवड्याला तिथे नेमकं करतात काय?

नवा_लॅबवाला
मंडळी, दोन वर्षांपूर्वी पुणं सोडून बायकोच्या माहेरच्या तालुक्याला पॅथॉलॉजी लॅब टाकली. धंदा बरा चाललाय. रक्त द्यायला सगळं गाव येतं, पण दंडावरचा कापूस टाकून जे जातं ते पुढच्या तापापर्यंत दिसत नाही. 'चला, चहा घेऊ' म्हणणारं अजून कोणी भेटलेलं नाही.

परवा मला पेशंट पाठवणाऱ्या एका डॉक्टरांनी रोटरीत या म्हणून सांगितलं. त्यांना नाही म्हणणं अवघड. वर्षाची वर्गणी साताठ हजार आहे म्हणे. बायको म्हणते, तिथे जेवणावळी आणि फोटो यांपलीकडे काही नसतं. मी पीत नाही, भाषण करता येत नाही, ब्लेझर नाही. दर आठवड्याला हे लोक जमून करतात काय? आतलं माहीत असलेल्यांनी खरं सांगा.

कडू_कारलं
पाच वर्षं होतो. सरकारी दवाखान्यात फळवाटप: एक केळं, सहा हात, आणि मागे कुठेतरी पेशंट. जुलैत पदग्रहणाचा फ्लेक्स, ऑगस्टात वह्या, डिसेंबरात ब्लँकेटं, मार्चमध्ये अवॉर्डसाठी फायली रंगवायच्या. बायकोचं ऐका आणि ते पैसे आरडीत टाका.

खिळेजुळारी
केळ्याचं खरं आहे. तो फोटो आमच्या बुलेटिनलाही लागतो, आणि बुलेटिन माझ्याच छापखान्यात निघतं. एकदा जागा पुरेना म्हणून मी कडेचे दोन हात कापले, तर दोन माजी अध्यक्ष महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते. तरीही मी १९९४ पासून जातोय. आज बाईंडिंगचा पोरगा आलेला नाही, निवांत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचं गाव कृष्णाकाठचं. क्लबात सध्या एकोणचाळीस जण. मीटिंग मंगळवारी रात्री आठला, म्हणजे साडेआठला. मंगळवारच का, तर सोमवारी बाजार असतो आणि गुरुवारी निम्मं गाव दत्ताच्या उपासात. हॉल आमचा स्वतःचा, पत्र्याचा. जोराचा पाऊस आला की वक्ता काय म्हणतो ते पहिल्या रांगेलाच कळतं, बाकीचे अंदाजाने टाळ्या वाजवतात.

अध्यक्ष बेल वाजवतात. राष्ट्रगीत, प्रार्थना, मग सेक्रेटरी आलेली पत्रं वाचतो. हा भाग डोळे मिटून ऐकायचा असतो. मग त्या आठवड्यातले वाढदिवस. लग्नाचा वाढदिवस असेल त्याला उभं करून गुलाबाचं फूल देतात, आणि दरवर्षी एकदोघांना तिथेच कळतं की अरे, आज आपलं लग्न झालं होतं. फूल खिशात घालून ते गडबडीने घरी पळतात. त्यानंतर पाहुण्यांचं भाषण, वीस मिनिटं. मी आजवर ऐकलेले विषय: द्राक्षावरची डावणी, मृत्युपत्र कसं करावं, मधमाश्या, जीएसटी तीनदा, आणि गुडघे. गुडघे मोजायचं सोडून दिलं. आभार, पुन्हा बेल, आणि मग फेलोशिप.

फेलोशिप म्हणजे जेवण. शब्दकोशात काहीही लिहिलेलं असो, 'आज फेलोशिप कुणाची?' याचा आमच्याकडे अर्थ आज ताटं कोण वाढतंय. साध्या मंगळवारी भडंग आणि चहा. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाची नवी गाडी आली, की तो फेलोशिप घेतो. पदग्रहणाला मसालेभात, जिलबी, मठ्ठा. पिण्याचं म्हणाल तर हॉलमध्ये नाही. नंतर ढाब्यावर जाणारे जातात, ते आपल्या जागी. मी सगळी वर्षं कोकम सरबतावर काढली, कुणी हात धरून ओतलं नाही. ब्लेझर माझ्याकडेही नव्हता. गव्हर्नर व्हिजिटला, म्हणजे रोटरीचे जिल्हाप्रमुख येतात तेव्हा, भावाचा घालायचो. भाऊ माझ्यापेक्षा बारीक, त्यामुळे फोटोत मी कायम श्वास रोखलेला दिसतो.

आता तुमच्या प्रश्नातली एक ओळ मला अडली. चहाला बोलावणारं कोणी नाही ही. रोटरी सुरूच त्या दुखण्यातून झाली. पॉल हॅरिस म्हणून एक वकील. लहानपण व्हरमाँटमधल्या छोट्या गावात आजी-आजोबांकडे गेलं, वकिली करायला आला शिकागोत, आणि त्या एवढ्या शहरात एकटा पडला. २३ फेब्रुवारी १९०५ ला तो, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनीअर आणि एक शिंपी असे चौघे इंजिनीअरच्या ऑफिसात जमले. समाजसेवा डोक्यातही नव्हती. ओळख वाढावी, जमल्यास एकमेकांना गिऱ्हाइकं मिळावीत, एवढंच. आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात बसायचे, म्हणून रोटरी. सेवेचं १९०७ च्या सुमारास सुचलं, आणि पहिलं काम कोणतं, तर शिकागोत सार्वजनिक शौचालयं व्हावीत म्हणून खटपट. तो गावातून शहरात आला, तुम्ही शहरातून गावात, एवढाच फरक.

जुन्या काळी नियम होता: एका व्यवसायाचा एकच सभासद. त्याला वर्गीकरण म्हणतात. मी आलो तेव्हा लग्नपत्रिका छापणारे एकजण आधीच आत होते आणि जागा सोडायला तयार नव्हते. मला मग 'स्टेशनरी' म्हणून घेतलं. विकायला माझ्याकडे तेव्हा एक पेन्सिलही नव्हती. ते गृहस्थ आणि मी पुढे पंचवीस वर्षं शेजारी बसलो. माझं मशीन बंद पडलं की माझी कामं ते काढून द्यायचे, आणि गिऱ्हाइकाला नाव माझंच सांगायचे.

दंड होतो हेही सांगून ठेवतो. रोटरीची चार प्रश्नांची एक कसोटी आहे. हर्बर्ट टेलर नावाच्या माणसाने १९३२ साली, बुडायला आलेली भांड्यांची कंपनी सावरताना ती लिहिली: हे सत्य आहे का, सर्व संबंधितांना न्याय्य आहे का, याने सद्भाव आणि मैत्री वाढेल का, सर्वांच्या हिताचं आहे का. आमच्या डायरीत दरवर्षी मी ती छापतो. एका वर्षी 'न्याय्य'चं 'नाय्य' झालं. दोनशे डायऱ्या वाटून झाल्या होत्या. सार्जंट अ‍ॅट आर्म्सने, म्हणजे मीटिंगमध्ये शिस्त बघणाऱ्या सभासदाने, मला उभं करून शंभर रुपये घेतले, आणि अजूनही एखादा हिशेब जुळला नाही की कुणीतरी म्हणतं, 'हे नाय्य आहे.'

२०१६ साली वरून सूट मिळाली की दर आठवड्याला भेटायची सक्ती नाही, महिन्यातून दोनदा भेटलात तरी चालेल. आमच्या तरुण मंडळींना आनंद झाला. सहा महिने आम्ही पंधरवड्याने भेटलो आणि क्लब मोडायच्या बेताला आला. कारण असं की आठवड्याने भेटलं की मागच्या मंगळवारचं भांडण भडंगाबरोबर संपतं. पंधरा दिवस ठेवलं की ते मुरतं, त्याला तेल सुटतं. परत दर मंगळवार केला. इतर क्लब पंधरवड्याने उत्तम चालवत असतील, आमची माणसं तशी नाहीत.

मंगळवारची दुसरी गोष्ट पुराची. ६ ऑगस्ट २०१९, मंगळवारच होता. हॉलमध्ये कमरेएवढं पाणी. बेल, अध्यक्षांच्या गळ्यातली कॉलर, माझे बुलेटिनचे जुने अंक, सगळं आत. फोन न करता पंधरा जण मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर आले, कारण मंगळवारी आठला कुठेतरी जायचं ही पायांना सवय. राष्ट्रगीत वगैरे काही नाही. कुणाच्या ट्रॅक्टरची चाकं मोठी, कुणाच्या दुकानात ट्रकच्या ट्यूबा, कुणाच्या गोठ्यावरच्या टाकीत गोडं पाणी, हे विचारावं लागलं नाही. इतकी वर्षं एकमेकांच्या बढाया ऐकलेल्या. पाइपवाल्याने गोडाऊनची किल्ली सेक्रेटरीच्या हातात दिली आणि स्वतःच्या म्हशी सोडायला गेला. त्या रात्रीचा फोटो नाही, त्यामुळे अवॉर्डच्या फायलीत ती रात्र नाही.

आणि रोजचं काम बघायचं असेल तर हॉलच्या मागची खोली बघा. आमच्याकडे तिथे वॉकर, व्हीलचेअर, कुबड्या, डोक्याकडून उचलता येणाऱ्या दवाखान्याच्या कॉटा, एअर बेड, कमोडच्या खुर्च्या आणि करोनानंतर राहिलेली ऑक्सिजनची दोन यंत्रं आहेत. डिपॉझिट ठेवायचं, वस्तू न्यायची, काम झालं की आणून द्यायची, भाडं काही नाही. वही माझ्याकडे असते. लोक रात्री अकरालाही दार वाजवतात, कारण माणूस खुब्याचं हाड मोडून घेताना ऑफिसची वेळ बघत नाही.

वॉकर नंबर सात २०१७ पासून एका घरी आहे. आजी बऱ्या झाल्या, दोन वर्षं त्यावर अंगणभर हिंडल्या, मग वारल्या. मुलगा तो परत देत नाही. मी दोनदा मागायला गेलो आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो. वॉकर पडवीत आईच्या फोटोखाली होता, त्यावर टॉवेल वाळत होता. वहीत 'येणे' लिहून ठेवलंय. खजिनदार दर मार्चला विचारतो, मी दर मार्चला 'बघतो' म्हणतो.

पैशाचं: आमच्याकडे वर्षाला नऊ हजार. त्यातला काही भाग डॉलरच्या हिशेबाने वर जातो, म्हणून रुपया घसरला की खजिनदाराचं तोंड उतरतं. शिवाय 'पॉल हॅरिस फेलो व्हा' असा आग्रह होईल. हा रोटरीच्या फाउंडेशनला देणगी दिली की मिळणारा मान, त्याचे हजार डॉलर. हसून 'पुढच्या वर्षी' म्हणायचं. मी अजून पुढच्या वर्षीवरच आहे.

निवृत्त_सिस्टर
कारलेदादा, पोलिओच्या रविवारी मी बूथवर असायची. देशभर १९९५ ला सुरू झालं तेव्हापासून. रोटरीवाले सकाळी नऊला टोप्या घालून यायचे, दोन बाळांना थेंब पाजताना फोटो, दहाला गायब. तुमचं म्हणणं बरोबर. पण त्यांच्यात एक किराणा दुकानदार होते, ते स्वतःच्या टेम्पोने माझा बर्फाचा डबा वीटभट्टीवर आणि ऊसतोडीच्या कोप्यांवर न्यायचे. गाडी वळत नसेल तिथे डबा खांद्यावर. संध्याकाळी पाचला शेवटच्या पोराच्या करंगळीवर शाईची खूण करून आम्ही परत. दुकान दिवसभर बंद. २०१४ च्या मार्चमध्ये आपण पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर झालं तेव्हा त्यांनी दुकानात सगळ्यांना पेढा दिला, गिऱ्हाइकांना कळेना कशाचा. तीस जणांत एक असला तरी आम्हाला पुरायचा.

आकडेमोड
मी सीए आहे आणि तालुक्याच्या क्लबात दहा वर्षं सभासद. खिळेजुळारीकाकांनी एक बाजू सोडली. रोटरीने बायकांना अधिकृतपणे आत घेतलं १९८९ साली, तेही अमेरिकेत कोर्टकचेरी झाल्यावर. तोवर बायका म्हणजे 'अ‍ॅन'. १९१४ ला अधिवेशनासाठी ह्यूस्टनला निघालेल्या गाडीत एका सभासदाच्या बायकोचं नाव अ‍ॅन होतं, तेव्हापासून आपल्याकडच्या आमंत्रणांवर 'रोटेरियन, अ‍ॅन आणि अ‍ॅनेट्स', म्हणजे सभासद, बायको आणि मुलं. आता मीच सभासद म्हटल्यावर माझ्या नवऱ्याला काय म्हणायचं यावर एक अख्खी बोर्ड मीटिंग झाली. तोडगा निघाला नाही. कोजागिरीला अ‍ॅन्ससाठी संगीतखुर्ची होती, माणूस कमी पडत होता म्हणून त्याला बसवला, तो पहिला आला. बक्षीस बांगड्यांचा डबा. आमच्या घरी त्यात आता रिमोट असतात.

१ जुलैला रोटरीचं नवं वर्ष सुरू होतं आणि त्याच दिवशी डॉक्टर दिन आणि सीए दिन. त्यामुळे दरवर्षी क्लब माझा सत्कार करतो. खजिनदार मीच, म्हणून गुच्छ मीच आणते आणि बिलही मीच पास करते. लॅबवाले, तयार राहा, डॉक्टरांच्या रांगेत तुम्हालाही उभं करतील.

एक कामाची सूचना. आधी दोन-तीन मीटिंगांना पाहुणे म्हणून जा. वर्गणी भरायच्या आधी मागच्या वर्षीचा ताळेबंद मागा. जो क्लब लगेच देतो तो बरा. 'अहो, कशाला, घरचाच हिशेब आहे' म्हणाले तर चहा पिऊन घरी या.

नवा_लॅबवाला
सगळ्यांचे आभार. बायकोने केळ्याचं मोठ्याने वाचून दाखवलं. एक शंका राहिली. सकाळी सहाला उपाशीपोटीची सॅम्पल्स असतात, आठवड्यातून दोनदा मिरजेला जावं लागतं. दर मीटिंगला जमेलच असं नाही. चालतं का?

खिळेजुळारी
आता कुणी फार धरत नाही. पूर्वी धरायचे. हजेरी निम्म्याच्या खाली गेली किंवा लागोपाठ चार मीटिंगा बुडाल्या की सभासदत्व जायचं. त्यावर उपाय होता 'मेकअप'. आपली मीटिंग चुकली तर चौदा दिवसांच्या आत दुसऱ्या कुठल्याही क्लबात जाऊन बसायचं, तिथला सेक्रेटरी कार्डावर सही करून द्यायचा, हजेरी लागायची. जगात कुठेही.

२००६ साली मी सेक्रेटरी होतो आणि बायकोचे उपचार मिरजेत चालू होते. सोमवारी जायचो, गुरुवारी परत. सेक्रेटरीचीच हजेरी बुडतेय म्हणून एका संध्याकाळी तिथल्या क्लबात गेलो. शर्ट दोन दिवसांचा, पायात स्लिपर. त्यांच्याकडे पाहुण्या रोटेरियनला उभं राहून ओळख करून द्यावी लागते. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, 'कामानिमित्त आलोय' म्हणालो आणि बसलो. शेजारी चष्म्याचं दुकान असलेले एक गृहस्थ. त्यांनी माझ्या पिशवीतून डोकावणारा एक्स-रेचा लिफाफा बघितला, पण विचारलं काही नाही, ताटात एक पोळी जास्त वाढायला लावली. निघताना एवढंच म्हणाले, 'कुठल्या वॉर्डात?'

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा आला. पोळी, भात, वाटाण्याची उसळ. असा पाच आठवडे, मी तिथे असेन त्या प्रत्येक दिवशी. बुधवारी हटकून वाटाणा. मी पैशाचं काढलं तर म्हणाले, 'कार्डावर सही दिलीय ना, आता तुम्ही आमच्या हजेरीत.' बायको आता ठणठणीत आहे. रोटरीचं नाव काढलं की ती नाक मुरडते, तुमच्या घरच्यांसारखीच, पण ती उसळ जमली नाही आपल्याला, असं दर हिवाळ्यात म्हणते. मी त्यांच्या दुकानातूनच चष्मा करतो. इथे स्वस्त मिळतो, तरी.

नवा_लॅबवाला
काल जाऊन आलो. तुमच्यासारखंच पत्र्याचं छत, आणि भाषण गुडघ्यांवर. माझी ओळख करून देताना डॉक्टरांनी माझं नाव चुकवलं. ताळेबंद मागितला तर खजिनदाराने मोबाईलवर तिथल्या तिथे पाठवला. फेलोशिपला पोहे.

निघताना एकाने विचारलं, लॅब कुठल्या गल्लीत. सांगितलं तर म्हणाले, मग त्याच गल्लीत टोकाच्या घरी कमोडची खुर्ची पोहोचवायची आहे, सकाळपासून त्यांचा फोन येतोय, तुम्ही जाताय तर न्या. मी स्कूटरवर होतो. खुर्ची पुढे पाय ठेवायच्या जागेत मावेना, मग मागे उलटी बांधली. बाजारपेठेतून तसा गेलो. दोन पेशंटांनी ओळखून नमस्कार केला. त्या घरच्या काकांनी दार उघडून पाचशे रुपये हातात ठेवले, आणि मी चहा न घेता निघत होतो तर बसवून घेतलं. घरी पोहोचायला साडेअकरा. बायको हसून हसून दमली.

खिळेजुळारी
सगळं ठीक. डिपॉझिटची पावती दिलीत का त्यांना?

नवा_लॅबवाला
पावतीपुस्तक कुणी दिलंच नाही.

खिळेजुळारी
मग उद्याच जाऊन वहीत नोंद करा. नंबर खुर्चीच्या मागच्या डाव्या पायावर असतो.